वाचकांचे प्रश्न : डिस्क बदलावी की लेथवर मारावी?

पावसाळा सरत आला की या सदराकडे येणाऱ्या टपालात ब्रेकविषयीच्या पत्रांची भर पडते. चार महिने ओल आणि चिखल खाल्लेल्या गाड्या दिवाळीच्या प्रवासाआधी गॅरेजमध्ये जातात, चाके उतरतात आणि मालकाच्या हाती अंदाजपत्रक पडते. या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार निवडली आहेत. पहिल्या पत्रातील अडचण अनेकांची असल्याने त्याचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे.

प्रश्न : माझी सात वर्षे वापरलेली पेट्रोल हॅचबॅक ६२ हजार किलोमीटर चालली आहे. महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाटाने कराडला जाणे-येणे असते. गेल्या दोन महिन्यांपासून घाट उतरून सपाटीला लागल्यावर ताशी ७० ते ८० किलोमीटर वेगात ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरते आणि पेडल पायाखाली धडधडते. सर्व्हिस सेंटरने पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड बदलण्याचे ९,४०० रुपयांचे अंदाजपत्रक दिले आहे. माझा नेहमीचा मेकॅनिक म्हणतो की डिस्क लेथवर मारून घेऊ, हजाराच्या आत काम होईल, पॅडचे पैसे तेवढे वेगळे. कोणाचे ऐकावे? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपल्या पत्रात किलोमीटर आहेत, वेग आहे, रुपये आहेत, नाही ती फक्त डिस्कची, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या आणि ब्रेक लावल्यावर दोन पॅडच्या चिमटीत धरल्या जाणाऱ्या लोखंडी तबकडीची, जाडी. तो आकडा हाती येईपर्यंत दोघांपैकी कोणाचेही ऐकू नये, कारण तो पाहिल्याशिवाय दिलेला सल्ला सवयीने दिलेला असतो. सर्व्हिस सेंटरला बदलण्याची सवय असते, गॅरेजला लेथची, म्हणजे मशीनवर डिस्कचा पृष्ठभाग कापून सपाट करण्याची.

प्रत्येक डिस्कवर, बहुधा मधल्या टोपीसारख्या भागावर किंवा बाहेरच्या कडेवर, किमान जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. ती गंजाखाली दडलेली असल्यास वायर ब्रशने घासून वाचावी लागते. हवा खेळण्यासाठी मध्ये पोकळी असलेल्या पुढच्या डिस्कची नवी जाडी २२ मिमी असेल, तर ही मर्यादा साधारण २० मिमी असते. आपल्या गाडीचा खरा आकडा मात्र डिस्कवरचाच धरावा. याचा अर्थ असा की डिस्कच्या संपूर्ण आयुष्यात झिजण्यासाठी तिला फक्त दोन मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला एक मिलिमीटर, एवढेच भांडवल मिळते. ही जाडी साध्या व्हर्नियरने मोजली तर फसगत होते, कारण पॅड जिथे पोहोचत नाही त्या बाहेरच्या कडेला न झिजलेली वरंडी उरते आणि व्हर्नियरचे जबडे तिच्यावरच टेकतात. त्यासाठी मायक्रोमीटर हवा, आणि एकाच जागी नव्हे तर गोलाकार सहा ते आठ जागी मोजायला हवे. सर्वांत कमी आलेला आकडा हा निर्णयाचा आकडा, आणि सर्वांत जास्त व सर्वांत कमी यांतील फरक हे आपल्या थरथरीचे कारण असू शकते.

आता थरथरीविषयी. गॅरेजमध्ये ‘डिस्क वाकडी झाली’ असे सर्रास म्हटले जाते, पण बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तर काही ठिकाणी पातळ आणि काही ठिकाणी जाड झालेली असते. हा फरक ०.०२ मिमी, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी असला, तरी पायाला जाणवू लागतो. तो कसा निर्माण होतो हे समजले, तर नवी डिस्क घेऊनही सहा महिन्यांत तेच पत्र पुन्हा लिहावे लागणार नाही.

डिस्क ज्या हबवर, म्हणजे चाकामागच्या फिरत्या मधल्या भागावर, बसते त्याच्या तोंडावर गंजाची पापडी धरली, की डिस्क अगदी किंचित तिरकी बसते. चाक फिरताना तिची एक बाजू प्रत्येक फेऱ्यात पॅडला चाटून जाते, ब्रेक लावलेला नसतानाही. काही हजार किलोमीटरमध्ये नेमकी ती जागा घासून पातळ होते आणि मग ब्रेक लावल्यावर त्या पातळ जागेपाशी पकड सैल व पुन्हा घट्ट होत राहते, तीच धडधड. कोकणातील पाऊस आणि खारी हवा पाहता आपल्या गाडीत मला पहिला संशय याच पापडीचा येतो. दुसरे कारण घाटातले आहे. उतरून तापलेल्या डिस्कवर गाडी थांबवून पाय ब्रेकवर तसाच दाबून ठेवला, तर पॅडच्या द्रव्याचा ठसा त्या जागी चिकटतो आणि तिथली पकड इतर जागांपेक्षा वेगळी होते. तिसरे कारण चाके बसवण्याचे आहे. हवेच्या गनने एकेक नट गच्च आवळून पुढे जाण्याची पद्धत डिस्कवर असमान ताण आणते. नट आमनेसामने, दोन टप्प्यांत आणि शेवटी ठरलेला जोर मोजून देणाऱ्या टॉर्क पान्याने आवळायचे असतात. माझ्याच गाडीच्या नव्या डिस्क एकदा चार महिन्यांत थरथरू लागल्या होत्या. पंक्चर काढणाऱ्याकडे चाक बसवताना मी चहा पीत उभा होतो, हे मला फार उशिरा आठवले.

त्यामुळे आपण मेकॅनिकला पुढील क्रमाने काम करायला सांगावे. चाक उतरवल्यावर डिस्क जागेवर असतानाच डायल गेजने तिचा डोल, म्हणजे फिरताना ती बाजूला किती हलते ते, मोजावा. बहुतेक लहान गाड्यांत तो ०.०५ ते ०.१० मिमीच्या आत असावा लागतो. मग डिस्क काढून हबचे तोंड वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत साफ करावे, डिस्कची आतली बाजूही तशीच साफ करावी आणि पुन्हा मोजावे. कधी कधी एवढ्यानेच डोल निम्म्यावर येतो. आतल्या आणि बाहेरच्या पॅडची झीज शेजारी ठेवून पाहावी. आतला पॅड बराच जास्त झिजला असेल, तर कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या, सरकत्या पिना अडकलेल्या आहेत. त्या काढून, साफ करून, ब्रेकसाठीचेच ग्रीस लावून बसवल्या नाहीत तर नवा पॅडही तसाच तिरपा झिजेल. बेअरिंगचे नेहमीचे ग्रीस तिथे चालत नाही, कारण त्याने पिनांवरचे रबर फुगते.

एवढे झाल्यावर लेथचा प्रश्न येतो. पृष्ठभाग सपाट करण्यासाठी प्रत्येक बाजूने साधारण ०.२ ते ०.३ मिमी माल काढावाच लागतो, म्हणजे एकूण जाडी अर्ध्या मिलिमीटरने उतरते. वरच्या उदाहरणातील डिस्क आज २१.३ मिमी असेल, तर लेथनंतरही तिच्यापाशी पॅडच्या एका संचापुरती जाडी उरते आणि आपल्या मेकॅनिकचा सल्ला रास्त ठरतो. ती २०.८ मिमी असेल, तर लेथनंतर ती कागदोपत्री मर्यादेच्या वर राहील, पण नवे पॅड संपण्याआधीच मर्यादेखाली जाईल. तेव्हा आज वाचवलेले पैसे दुसऱ्या मजुरीसह पुढच्या वर्षी द्यावे लागतील. २०.८ आणि २१.३ यांच्यामधला निर्णय मी गाडीच्या वापरावर सोडतो, आणि आपला वापर घाटाचा असल्याने माझा कल नव्या डिस्ककडे आहे. शिवाय लेथचे काम करणाऱ्याने डिस्क मशीनवर नीट केंद्रात धरली नाही, तर ती गेली त्यापेक्षा जास्त डोलत परत येते. काम झाल्यावर डायल गेज पुन्हा लावून दाखवण्याची त्याची तयारी नसेल, तर त्याच्याकडे डिस्क देऊ नये.

घाटाच्या वापरावर इतका भर का, तेही सांगतो. माणसांसह १,२०० किलो वजनाची गाडी १०० मीटर उंची उतरते तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, ती सुमारे चार लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत नेण्याइतकी असते. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना हा हिशेब चाळीस लिटरच्या पलीकडे, म्हणजे मोठा बंब भरून जातो. यातील काही भाग हवेच्या आणि टायरच्या विरोधात जातो, पण बाकीचा एक तर इंजिनाने घ्यायचा असतो किंवा पाचेक किलोंच्या दोन डिस्कनी. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा दंडक या हिशेबावरच उभा आहे. डिस्क पातळ असेल तर उष्णता साठवायला लोखंड कमी, आणि तापमान तितकेच लवकर वर.

एक खुलासा राहिला. जोरात किंवा निसरड्या रस्त्यावर ब्रेक दाबताना पेडल खडखडले, तर तो एबीएसचा, म्हणजे चाके अडकून गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा, नेहमीचा व्यवहार असतो. हलक्या ब्रेकला, कोरड्या रस्त्यावर, वेगाबरोबर कमी-जास्त होणारी थरथर मात्र डिस्कची. ती स्टिअरिंगमध्ये येत असल्याने पुढच्या चाकांवर संशय घेणे बरोबरच आहे; बसण्याच्या जागेखालून आली असती, तर मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक तपासायला सांगितले असते.

प्रश्न : नाना पेठेत पॅडची चौकशी केली तेव्हा एकाच गाडीसाठी तीन खोकी समोर ठेवण्यात आली : गाडीच्या कंपनीचे, दुसऱ्या एका नामांकित उत्पादकाचे आणि तिसरे जवळपास निम्म्या किमतीचे. ऑनलाइन तर छिद्रे पाडलेल्या, खाचा असलेल्या डिस्कही दिसतात. निवड कशी करावी? — एक वाचक, पुणे

उत्तर : दुकानात जाण्यापूर्वी नोंदणी प्रमाणपत्रावरचा १७ अक्षर-अंकांचा चासी क्रमांक टिपून न्यावा. एकाच नावाच्या गाडीत इंजिन, साल आणि श्रेणी यांनुसार डिस्कचा व्यास व पॅडचा आकार बदलतो. ‘याच गाडीचा आहे, बसेल’ हे दुकानदाराचे आश्वासन चाक उतरवल्यावर खोटे ठरले, तर गाडी गॅरेजात अडकते. चासी क्रमांकावरून अधिकृत विक्रेता सुट्या भागाचा नेमका क्रमांक देतो, आणि तो हाती असला की इतर उत्पादकांच्या यादीतला त्याच्या जोडीचा क्रमांक शोधता येतो.

पहिल्या दोन खोक्यांत वाटते तितके अंतर नसते. गाड्यांचे कारखाने पॅड स्वतः बनवत नाहीत. राणे समूह, ब्रेक्स इंडिया यांसारखे उत्पादक गाड्यांच्या कारखान्यांना माल पुरवतात आणि स्वतःच्या नावानेही बाजारात विकतात. मिश्रण दोन्ही खोक्यांत तंतोतंत एकच असेल असे गृहीत धरू नये, पण अशा उत्पादकाच्या पॅडवर माझा भरवसा आहे आणि माझ्या गाडीत तेच आहेत. डिस्कच्या बाबतीत मी थोडा अधिक कडक आहे : ओतीव लोखंडाची प्रत डोळ्यांना कळत नाही, म्हणून तिथे कंपनीची किंवा कंपनीला पुरवठा करणाऱ्याचीच डिस्क घ्यावी.

तिसरे खोके बाजूला ठेवण्यापूर्वी पॅडच्या पाठीवर किंवा कडेवर छापलेली ओळ वाचून पाहावी. उत्पादकाची खूण, मिश्रणाचा क्रमांक आणि शेवटी दोन इंग्रजी अक्षरे, अशी ती ओळ असते. एसएई या अमेरिकी अभियंता संस्थेच्या पद्धतीत ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिले अक्षर नेहमीच्या तापमानाचे, दुसरे तापलेल्या अवस्थेचे. ‘एफएफ’ पॅड तापल्यावरही आपली पकड त्याच पट्ट्यात राखतो. ‘एफई’ तापल्यावर एक पायरी उतरतो. या अक्षरांवरून पॅड किती टिकेल किंवा किती वाजेल हे कळत नाही, आणि ‘जी’ आहे म्हणून तो अधिक चांगला असेही नाही. जुन्या मूळ पॅडवर जी अक्षरे आहेत तीच नव्यावर असावीत, एवढाच याचा उपयोग. वर्तुळातील ‘ई’ आणि ‘९०आर’ अशी खूण आढळली, तर तो पॅड युरोपीय नियमाप्रमाणे तपासलेला आहे. त्या नियमात बदली पॅडची पकड मूळ पॅडच्या १५ टक्के वर किंवा खाली, एवढ्याच मर्यादेत असावी लागते. ज्या पॅडवर काहीच छापलेले नाही तो फुकट मिळाला तरी गाडीत बसवू नये.

खोक्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, निर्मितीचा महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि आयात माल असल्यास मूळ देश छापलेला असणे कायद्याने आवश्यक आहे. मोटारींच्या सुट्या भागांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आलेला आहे. त्यामुळे त्याआधीचे खोके जुन्या छापील किमतीसह समोर आले, तर आजची किंमत विचारावी आणि पक्के बिल घ्यावे. बिलावर भागाचा क्रमांक लिहून घेतला नाही, तर माल नकली निघाल्यावर तक्रारीला आधार उरत नाही. अशी तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते.

पॅड नेहमी एका आसावरील दोन्ही चाकांचे मिळून चार, आणि डिस्क दोन घ्याव्यात. एकाच बाजूची बदलली तर ब्रेक लावताना गाडी एका अंगाला ओढली जाते. डिस्क बदलताना पॅडही नवेच असावेत, कारण जुना पॅड जुन्या डिस्कच्या खाचांप्रमाणे झिजलेला असतो. उलट, पॅड बदलताना दर वेळी डिस्क बदललीच पाहिजे असा नियम नाही. तिथे पुन्हा मायक्रोमीटरच निर्णय देतो. छिद्रे आणि खाचा असलेल्या डिस्क शर्यतीच्या किंवा फार जड, वेगवान गाड्यांसाठी असतात. रोजच्या हॅचबॅकमध्ये त्या पॅड लवकर खातात, आवाज करतात आणि स्वस्तातल्या असल्या तर छिद्रांच्या कडांपासून तडे जातात. तेवढ्याच पैशांत ब्रेक ऑइल बदलावे.

प्रश्न : नवे पॅड आणि डिस्क टाकून दोन दिवस झाले. ब्रेक पूर्वीपेक्षा कमी लागतो आणि मंद वेगात चीं-चीं आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो, चालवा, आपोआप बसेल. फसवले गेलो आहे का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : बहुधा नाही, पण ‘आपोआप’ हा शब्द चुकीचा आहे. नव्या पॅडचा आणि डिस्कचा पृष्ठभाग एकमेकांना पूर्ण टेकत नाही आणि डिस्कवर पॅडच्या द्रव्याचा एकसारखा थर बसलेला नसतो. तो जाणीवपूर्वक बसवता येतो. पहाटे मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागे वाहन नसल्याची खात्री करून, ताशी ६० किलोमीटरवरून १० पर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवावा, पूर्ण थांबू नये, अर्धा-पाऊण किलोमीटर चालवून ब्रेक निवू द्यावा आणि असे आठ-दहा वेळा करावे. शेवटी काही किलोमीटर ब्रेक न लावता चालवावे आणि गाडी उभी केल्यावर तापलेल्या डिस्कवर हँडब्रेक किंवा पाय दाबून ठेवू नये. पहिले तीनशे किलोमीटर समोरच्या वाहनापासून जास्त अंतर राखावे.

यानंतरही ब्रेक कमीच वाटला, तर मेकॅनिकला विचारावे की नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसले होते का. ते तसेच राहिले असेल तर पॅडने शोषलेले असते आणि तो पॅड पुन्हा कामाचा होत नाही. पेडल स्पंजासारखे मऊ लागत असेल, तर गोष्ट वेगळी : ब्रेक ऑइलमध्ये हवा आहे, आणि तेव्हा गाडी चालवू नये.

आवाजासाठी पॅडच्या पाठीमागची पातळ पत्री, म्हणजे शिम, आणि पॅड जिथे सरकतो त्या क्लिपा बसवल्या आहेत का ते पाहावे. घाईत त्या जुन्या पॅडबरोबर कचऱ्यात जातात. आणखी एक चीत्कार असतो, तो मात्र पॅड जुने झाल्यावर येतो. द्रव्य दोनेक मिलिमीटर उरले की एक लोखंडी पट्टी मुद्दाम डिस्कला घासते आणि बदलायची वेळ झाल्याचे ओरडून सांगते. तिने ओरडण्याची वाट न पाहता तीन मिलिमीटरला पॅड बदलावेत. तेव्हाची धूळ हवेच्या नळीने उडवू देऊ नये. ती श्वासात जाणे बरे नव्हे, आणि जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस नसेलच याची खात्री कोणी देत नाही. ओल्या फडक्याने पुसावी.

प्रश्न : गाडी आठवड्यातून एकदाच निघते. पावसात सकाळी पाहावे तर डिस्कवर तांबूस गंज असतो आणि पहिल्या ब्रेकला खरखर येते. डिस्क बदलावी लागेल का? ब्रेक ऑइलची पातळीही खाली गेली आहे. ते घरीच भरू का? — एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : डिस्क साध्या ओतीव लोखंडाची असते आणि एका रात्रीच्या ओलीने तिच्यावर तांबूस साय धरते. पहिल्या पाच-सहा ब्रेकमध्ये ती निघून जात असेल, तर तिची चिंता नको. ती न निघता खड्डे दिसू लागले, किंवा पॅडच्या आकाराचा डाग कायमचा उमटला, तर वर चिपळूणच्या वाचकांना सांगितलेली मोजणी करून घ्यावी आणि आतली, न दिसणारी बाजूही पाहायला सांगावे. किनाऱ्यावर तीच आधी जाते. गाडी धुतल्यावर लगेच झाकून ठेवू नये, गावातून एक फेरी मारून ब्रेक कोरडे करून मगच उभी करावी, आणि सपाट जागी उभी करताना हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा, म्हणजे मागच्या ब्रेकचे लायनर (ड्रमच्या आतून घासणारे अस्तर) ड्रमला चिकटत नाहीत.

ऑइल मात्र भरू नये. पॅड झिजले की कॅलिपरचा पिस्टन पुढे येतो, त्याच्यामागची जागा ऑइल घेते आणि डब्यातली पातळी तेवढी उतरते. म्हणून आधी पॅड किती उरले ते पाहावे. आज वरून भरले, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला जाईल आणि जास्तीचे ऑइल बाहेर सांडेल. ते रंगावर पडले तर रंग उखडते, तेव्हा पडताक्षणी भरपूर पाण्याने धुवावे. पॅड जाड असूनही पातळी उतरत असेल, तर कुठेतरी गळती आहे आणि गाडी त्याच दिवशी दाखवावी. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते : डॉट ४ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत किमान २३० अंश असतो, ओल धरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर येते. गाडी कितीही कमी चालत असली तरी दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदलावे, आणि मेकॅनिक अर्धवट उरलेल्या, झाकण उघड्या बाटलीतून ओतू लागला तर नवी सीलबंद बाटली आणायला सांगावे.